बारमासी गुलाबाची दुपार

चिनी बादशहांच्या दरबारातील फुलांची चित्रे आम्ही प्रथम पाहिली ती नातवाने आणलेल्या एका जाडजूड पुस्तकात. पहिल्या दिवशी नुसती पाने उलटली. फुले सुंदर, पक्षी सुंदर, पण मन काही बसेना. सगळे कसे नीटनेटके, राजाला आवडेल असे. दिवाणखान्याची शोभा, याहून अधिक त्यांत काय असणार, असे आम्हांस वाटले. ते मत पुढे बदलले. का बदलले, हे वाचकांपुढे ठेवण्यासाठी हा लेख.

मत बदलले ते एका हकिगतीने. सोंग घराण्याचा सम्राट हुइत्सुंग याने ११०० ते ११२६ या काळात काइफेंग येथून राज्य केले. तो स्वतः उत्तम चित्रकार होता व दरबारी चित्रकारांच्या कामावर त्याची बारीक नजर असे. देंग चुन नावाच्या लेखकाने ११६७ साली लिहून ठेवले आहे की, एक नवा राजवाडा तयार झाला तेव्हा त्या काळच्या नामवंत चित्रकारांनी तो रंगविला. सम्राट पाहावयास आला, सगळीकडे फिरला, पण कोणाचीच वाहवा केली नाही. एका दालनाच्या पुढील पडवीत बारमासी गुलाबाची एक फांदी काढलेली होती. तिच्यापुढे मात्र तो थांबला व ही कोणी काढली, असे विचारले. चित्रकार एक नवखा तरुण निघाला. त्याला मोठा मान मिळाला. दरबारी मंडळी चकित झाली, तेव्हा सम्राटाने कारण सांगितले ते असे: हा गुलाब ऋतूप्रमाणे बदलतो, तसाच सकाळ-संध्याकाळीही बदलतो. त्याची फुले, केसर, पाने कधी सारखी राहत नाहीत. या तरुणाने वसंतातील भर दुपारचा गुलाब काढला आहे व त्यात केसभरही चूक नाही.

ही गोष्ट वाचून आम्ही पुस्तक मांडीवरच ठेवले. आमचे सारे आयुष्य हॉस्पिटलच्या वॉर्डात गेले. रोग्याचा सकाळचा चेहरा वेगळा, तिन्हीसांजेचा वेगळा. टी.पी.आर.च्या तक्त्यावर वेळ लिहिली नसेल तर त्या आकड्याला किंमत नाही, हे आम्हांस ट्रेनिंगच्या पहिल्या महिन्यातच शिकविले होते. बाराही महिने फुलणारा गुलाबसुद्धा बाराही महिने एक नसतो, हे ओळखणारा चित्रकार आम्हांला आमच्याच धंद्यातला वाटला.

मग आम्ही चित्रे नव्याने पाहू लागलो. हुइत्सुंगच्या सहीचे एक प्रसिद्ध चित्र बेजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे. ते त्याच्या दरबारातील एखाद्या चित्रकाराचे असावे, असे पुष्कळ जाणकार मानतात. शरद ऋतूत फुलणाऱ्या जास्वंदीच्या जातीच्या झाडावर एक सोनेरी फेझंट पक्षी बसला आहे आणि वरच्या दोन फुलपाखरांकडे टक लावून पाहत आहे. त्याच्या भाराने फांदी वाकली आहे. खाली कोपऱ्यात शेवंती. सारा ऋतू त्या वाकलेल्या फांदीत आला आहे. राजाला खूश करण्यासाठी फांदी सरळ काढली असती तर पक्षी कागदाचा झाला असता.

दुसरे चित्र मा लिन याचे, १२१६ सालचे. हिवाळ्यात फुलणाऱ्या प्लमच्या दोन फांद्या, मागे मोकळे रेशीम, वर सम्राज्ञी यांग हिची कविता. आपल्या इकडे तू बिश्वातच्या सुमारास बदाम पांढरा होतो, तो याच कुळातला. थंडीत, पाने येण्याआधी उघडणारे ते फूल ज्याने रस्त्यावर थांबून पाहिले आहे, त्याला या चित्राची भाषा वेगळी शिकवावी लागणार नाही.

तरी आमची एक तक्रार आहेच. दरबारात फुलाला पुष्कळदा साक्षीला उभे केले जाई. राज्य चांगले चालले की निसर्गात शुभचिन्हे दिसतात, अशी तेथे समजूत होती. इटलीहून आलेला जेझुइट चित्रकार कास्तिल्योने याने १७२३ साली, युंगझेंग बादशहाच्या पहिल्या वर्षी, एक फुलदाणी रंगविली. तीत एका देठावर दोन कमळे आणि एका ताटावर अनेक कणसे. फुलदाणीवर चमकणारा उजेड पाहून हात लावावासा वाटतो, इतके काम सफाईचे. पण ती फुले राजाची स्तुती करण्यासाठीच बोलावलेली आहेत. घटका कोणती, हे त्यांना कोणी विचारलेले नाही. आमच्या मते येथे हात जिंकला आणि डोळा हरला.

खुद्द हुइत्सुंगलाही हा मोह सुटला नाही. १११२ साली राजवाड्याच्या दरवाजावर क्रौंच पक्षी घिरट्या घालताना दिसले, ते त्याने शुभशकुन मानून चित्रात धरले. पंधरा वर्षांनी, ११२७ मध्ये, उत्तरेकडील जुर्चेन लोकांनी काइफेंग घेतले. राजा कैदी झाला व ११३५ मध्ये दूर उत्तरेत कैदेतच वारला. चित्रांच्या नादाने राज्य गेले, असे म्हणणारे आहेत. आम्हांला ते पटत नाही. गुलाब काढणाऱ्या त्या तरुणाने खरे तेच दाखविले होते. खरे पाहण्याची शिस्त राजाने फुलांपुरतीच ठेवली, शकुनांना आणि सरहद्दीला लावली नाही, हा दोष राजाचा, चित्राचा नव्हे. चांगला तक्ता आणा, असे सांगणाऱ्या वरिष्ठापुढे खरा तक्ता ठेवणे किती कठीण असते, हे कोणत्याही नर्सला विचारावे.

काइफेंग हे नाव आपल्या वाचकांना परके नाही. आपल्या ज्यू बांधवांची एक वस्ती तेथे शतकानुशतके होती. त्यांच्या १४८९ सालच्या शिलालेखाप्रमाणे तेथील सिनेगॉग ११६३ साली बांधले गेले, म्हणजे राजा व दरबार जाऊन छत्तीस वर्षे झाल्यावर. पडवीतला तो गुलाब तोवर पाहावयास उरला नसेल. पण देंग चुनने ती हकिगत लिहून ठेवली, म्हणून त्या फुलाची दुपार अजून सरलेली नाही.

अशी चित्रे हाती आली तर वाचकांनी आधी एवढेच विचारावे: हे फूल किती वाजताचे? उत्तर मिळाले, तर चित्र खरे.