६८, २२०, ३३०

नागपुरात बर्डीवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात हे तीन आकडे सांगितले की चिल्लर पैशांत तीन रेझिस्टर हातात येतात. २२० आणि ३३० ओहम समांतर जोडायचे, त्यांच्या आधी ६८ ओहम एकसर लावायचा आणि सगळ्याला ६ व्होल्ट द्यायचे. नववीच्या ‘धाराविद्युत’ या पाठापलीकडचं यात काही नाही. तरी ही जुळणी मला नेटक्या बंदिशीसारखी पुन्हा पुन्हा न्याहाळावीशी वाटते.

आधी रोध बघू. पुरवठा काढून समांतर जोडीवर मल्टीमीटर धरा: १३२ ओहम. दोन्ही रेझिस्टरांपेक्षा कमी! ३३० मुळे अडथळा वाढला नाही, धारेला आणखी एक वाट मिळाली. त्यात ६८ मिळवले की नेमके २००.

आता पुरवठा जोडा. एकूण धारा ३० मिलिअँपिअर. फाट्यावर ती दुभंगते: २२० मधून १८, ३३० मधून १२. रोधांचं प्रमाण २:३, धारांचं ३:२. पुढे दोन्ही वाटा मिळाल्या की पुन्हा ३०. हा हिशेब नियम म्हणून १८४५ मध्ये मांडणारा किरखॉफ तेव्हा २१ वर्षांचा विद्यार्थी होता.

विभवांतराची गंमत याहून सूक्ष्म आहे. ६८ वर २.०४ व्होल्ट, उरलेले ३.९६ जोडीवर. २२० गुणिले १८ करा किंवा ३३० गुणिले १२, उत्तर तेच. रोध वेगळे, धारा वेगळ्या, पण दोन टोकं सामायिक असल्यामुळे व्होल्टेज एकच.

प्रत्यक्ष टेबलावर मात्र हे आकडे इतके गुळगुळीत येत नाहीत. रेझिस्टरवरचा सोनेरी पट्टा ५ टक्के सूट देतो, म्हणजे २२० चा खरा रोध २०९ ते २३१ मध्ये कुठेही असू शकतो. धारा मोजायला सर्किट तोडून मीटर मध्ये घालावा लागतो, आणि त्याचा रोध १० ओहम असेल तर ३० च्या जागी २८.६ दिसतात. व्होल्टेज मोजताना डिजिटल मीटर नुसता बाजूने टेकतो आणि त्याचा रोध एवढा मोठा असतो की सर्किटला तो जवळपास जाणवतच नाही. हवामानाचाही हात असतो. तांब्याची तार २० अंशांवरून नागपूरच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांवर गेली, तर तिचा रोध सुमारे १० टक्क्यांनी वाढतो.

एवढं सगळं ढळूनही दोन गोष्टी ढळत नाहीत. कोणत्याही क्षणी फाट्यावर आलेली धारा आणि तिथून निघालेली धारा सारखीच असते, आणि टप्प्याटप्प्याच्या विभवांतरांची बेरीज पुरवठ्याइतकीच येते. वस्तू डगमगतात, नियम डगमगत नाही, हे या तीन रेझिस्टरांइतकं स्वस्तात आणि स्वच्छपणे दुसरं काही दाखवत असेल, असं मला वाटत नाही.

म्हणून प्रॅक्टिकलला रीडिंग ‘बसवणं’ ही मला मोठी हानी वाटते. जर्नलमध्ये ३० लिहिणाऱ्याला फक्त सूत्र दिसतं. २८.६ लिहून ‘का’ विचारणाऱ्याला रेझिस्टर, मीटर आणि मोजणारा स्वतः, असं सगळं सर्किट दिसतं.