चार धडका, तीन शिक्षा: ‘विसंगती’ सिद्ध कशी करायची?

मालवणात टेनिस क्रिकेटची मॅच असली की अंपायरला एक वाक्य हमखास ऐकावं लागतं: “मगाशी आमका वाइड दिलंस, मगे आता तेंका कित्याक नाय?” फॉर्म्युला वनच्या पंचांवर, म्हणजे स्टुअर्ड्सवर, होणारी टीका नेमकी हीच. ती खरी असेलही. पण पुरावा काय?

२०११चा मोसम घ्या. लुईस हॅमिल्टन आणि फेलिपे मासा त्या वर्षी पुन्हा पुन्हा धडकले. मोनॅको आणि सिंगापूरमध्ये हॅमिल्टनला ‘ड्राइव्ह-थ्रू’ मिळाली, म्हणजे शर्यत चालू असताना पिट लेनमधून ठरलेल्या कमी वेगाने जायचं. जपानमध्ये गाड्या घासल्या, पण शिक्षा कोणालाच नाही. ३० ऑक्टोबरला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर, भारतातल्या पहिल्या ग्रांप्रीत, हॅमिल्टन आतून शिरत असताना मासा वळला. ड्राइव्ह-थ्रू यावेळी मासाला.

तेच दोघे, तोच मोसम, निकाल वेगवेगळे. विसंगती सिद्ध झाली? नाही. सारख्या घटनांना वेगळे निकाल मिळाले तर ती विसंगती. आणि घटना सारख्या आहेत हे निकाल बघून ठरवलं, तर आपण फक्त आपलंच मत मोजतो.

मग काय करायचं? आधी निकष लिहून काढा: वळणावर कोण किती पुढे होता, आत जागा होती का, धडक कोण टाळू शकत होता. दोघांनी स्वतंत्रपणे, निकाल झाकून, नोंदी करायच्या. त्यांचं एकमत योगायोगापेक्षा किती जास्त आहे, ते कोहेनचा कप्पा (१९६०) सांगतो. शिवाय पक्षपात आणि विखुरलेपणा वेगळे ठेवा: पक्षपात एकाच बाजूला झुकतो, विखुरलेपणा कुठेही जातो. चार घटनांवरून दोन्हींबद्दल ठाम बोलता येत नाही.

माझी खरी तक्रार व्यवस्थेच्या नोंदींबद्दल आहे. पंचांचं मंडळ शर्यतीगणिक बदलतं. ड्रायव्हर ‘पूर्णपणे किंवा मुख्यतः दोषी’ असेल तरच शिक्षा, असं आजचा नियम म्हणतो. पण ‘मुख्यतः’ म्हणजे किती? २०२५ मध्ये एफआयएने शिक्षांची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली, हे चांगलंच झालं. त्यातून कोणत्या चुकीला किती शिक्षा हे कळतं. या धडकेत चूक कोणाची, हे मात्र माणसांनाच ठरवावं लागतं. आणि ज्या घटना चौकशीपर्यंत पोचतच नाहीत, त्यांची कारणं बहुतेकदा कागदावर येत नाहीत. तुलनेचा अर्धा डेटा तिथेच गळतो.

हे मला उशिरा कळलं. प्लवकांचे माझेच जुने नमुने दोन महिन्यांनी पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, तर काही जीवांना मी दुसऱ्याच गटात टाकलं होतं. पंच तोच, नियम तोच, निकाल वेगळा! निकष लिहिलेलेच नव्हते, त्यामुळे सगळी मोजणी पुन्हा करावी लागली.

तुम्ही अजून सुरुवात केली नसेल तर एवढं करा: पहिल्या नमुन्याआधी निकष लिहा, आणि ‘नोंद घेतली नाही’ याचंही कारण वहीत टाका.