वारसा आणि वापर : 'एव्हरीडे यूज' या कथेतील व्यक्तिचित्रण

१

कथा विचाराचे प्रतिपादन करीत नाही. ती माणसांना एका प्रसंगात आणून उभी करते आणि त्यांच्या वागण्याबोलण्यातून विचाराला आकार येऊ देते. तत्त्व म्हणून हे विधान सर्वांना मान्य असते. प्रत्यक्ष विश्लेषणात मात्र आशयसूत्र आधी निश्चित करायचे आणि मग पात्रे त्याची उदाहरणे म्हणून मांडायची, हीच पद्धत पुष्कळदा अवलंबिली जाते. ॲलिस वॉकर यांच्या 'एव्हरीडे यूज' या कथेच्या वाट्याला ही पद्धत विशेषच आली आहे. १९७३ मध्ये 'इन लव्ह अँड ट्रबल' या संग्रहात समाविष्ट झालेली ही कथा त्यानंतर अनेक पाठ्यसंग्रहांत घेतली गेली आणि तिचा एक ठरीव अर्थ रूढ झाला. थोरली मुलगी डी म्हणजे वारशाचा दिखाऊ अभिमान, धाकटी मॅगी म्हणजे जगला जाणारा खरा वारसा आणि आई म्हणजे या दोहोंत निवाडा करणारी न्यायाधीश, असा हा अर्थ आहे.

हे वाचन चुकीचे नाही. परंतु कथेतील व्यक्तिचित्रण जिथे व्यामिश्र होऊ लागते, नेमके तिथेच ते थांबते. डी केवळ दांभिक असती, मॅगी केवळ निरागस असती आणि आई आरंभापासूनच शहाणी असती, तर शेवटच्या प्रसंगाला बोधकथेच्या तात्पर्यापलीकडे मोल उरले नसते. कथेची ताकद अशी की, तिघींपैकी कोणाकडेही वारसा पूर्णपणे नाही, आणि निवाडा करणारी व्यक्ती निवाडा करता करता स्वतः बदलते.

२

कथानक अल्प आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागातील एका खेड्यात एक आफ्रिकन-अमेरिकन आई आणि तिची धाकटी मुलगी मॅगी झाडून स्वच्छ केलेल्या अंगणात डीची वाट पाहत आहेत. आईने आणि चर्चने पैसे उभे करून डीला ऑगस्टा येथे शिकायला पाठविले होते. ती एका मित्राबरोबर येते, आपले नाव आता 'वांगेरो' असल्याचे सांगते, घराची छायाचित्रे काढते, जेवते आणि जुन्या वस्तू मागू लागते. लोणी काढण्याच्या लाकडी भांड्याचे झाकण आणि रवी तिला मिळतात. मग ती आजीच्या हातच्या दोन क्विल्ट मागते. त्या मॅगीला लग्नात देण्याचे आईने कबूल केलेले असते. आई नकार देते, डी रागावून निघून जाते आणि मायलेकी अंगणात बसून राहतात.

'क्विल्ट' या शब्दासाठी मराठी वाचकाला 'गोधडी' हा शब्द सहज सुचतो आणि तो बऱ्याच अंशी योग्यही आहे. कारण दोहोंत वापरून जीर्ण झालेल्या कपड्यांना दुसरा जन्म मिळतो. भेद एवढाच की, गोधडीत मुख्यतः जुन्या लुगड्या-धोतरांचे थर टाक्यांनी एकत्र बांधले जातात, तर या क्विल्टमध्ये लहान तुकडे विशिष्ट, नाव असलेल्या आकृतिबंधांत जोडून वरचा पदर सिद्ध होतो. कथेतील गोधड्यांत आजीच्या पन्नास वर्षांपूर्वीच्या पोशाखांचे तुकडे आहेत, आजोबांच्या सदऱ्यांचे आहेत आणि काड्यापेटीएवढा एक फिकट निळा तुकडा पणजोबा एझ्रा यांच्या यादवी युद्धातील गणवेशाचा आहे. घराण्याचा इतिहास इथे कागदावर नाही, कापडावर आहे. ही वस्तू कोणाला कशी दिसते, यावरून वॉकर प्रत्येक पात्र घडवितात. म्हणून या कथेत वस्तू आणि व्यक्तिचित्रण यांचा विचार वेगवेगळा करता येत नाही.

३

डीला वस्तू दिसतात. मॅगीला वस्तूंमागची माणसे दिसतात. जेवणाच्या मेजावरील प्रसंग या दृष्टीने महत्त्वाचा आहे. झाकण आणि रवी दिवाणखान्यात शोभेसाठी कशी मांडता येतील, याचे बेत डी करीत असते. रवी कोणी घडविली, हे मात्र तिला ठाऊक नसते. ते मॅगी सांगते. तेही जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात. मावशीच्या पहिल्या नवऱ्याने ती कोरली, त्याचे खरे नाव हेन्री आणि हाक मारण्याचे नाव स्टॅश, हा सगळा तपशील तिच्या ओठांवर असतो. डी या स्मरणशक्तीची हत्तीशी तुलना करून हसते. घराण्याची वंशावळ ज्या व्यक्तीत जिवंत आहे तिला मंद ठरवून तिच्याच वस्तू जपायला निघालेली डी, हा उपरोध निवेदनाने कुठेही शब्दांत मांडलेला नाही. एका हसण्यातून तो सिद्ध होतो.

त्याच क्षणी आईचे लक्ष रवीच्या दांड्यावरील खळग्यांकडे जाते. घुसळणाऱ्या हातांच्या बोटांनी लाकूड झिजून ते पडले आहेत. रवीचे मोल ती घडविणाऱ्या एका हातात नाही, ती झिजविणाऱ्या अनेक हातांत आहे, हे इथे दिसते. वापर म्हणजे वस्तूचा नाश, असे डी मानते. या लाकडाने मात्र वापरातूनच घराण्याची खूण अंगावर घेतली आहे. टाक्यांविषयीच्या संवादातही हाच भेद व्यक्त होतो. दुसऱ्या गोधड्यांच्या कडा यंत्रावर शिवल्या आहेत म्हणून डीला त्या नकोत. आईच्या मते त्यामुळेच त्या जास्त टिकतील. एकीला अस्सलपणा हवा आहे, दुसरीला ऊब.

४

एवढ्यावर थांबले तर डीवर अन्याय होईल. गोऱ्या माणसाच्या नजरेला नजर देण्याचे धैर्य या घरात फक्त तिच्यापाशी आहे, हे आईच सांगते. आईची शाळा दुसऱ्या इयत्तेनंतर बंद पडली. का, हे विचारण्याची सोय १९२७ मध्ये कृष्णवर्णीयांना नव्हती. या मूक स्वीकाराची साखळी डी तोडते. शिक्षणासाठी तिने धरलेला हट्ट आणि दारिद्र्याविषयी तिला वाटणारी चीड यांमागे ऐतिहासिक न्याय आहे. स्वतः वॉकर यांचा जन्म १९४४ मध्ये जॉर्जियातील ईटनटन येथे शेतमजुरी करणाऱ्या कुटुंबात झाला आणि शिक्षणासाठी त्यांनाही घर सोडावे लागले. तेव्हा डीचा प्रवास लेखिकेला परका नाही.

नाव बदलण्याचा प्रसंगही याच दृष्टीने पाहावा लागतो. आपल्याला छळणाऱ्यांनी दिलेले नाव आपण का धारण करावे, हा डीचा प्रश्न पोकळ नाही. कॅशियस क्ले १९६४ मध्ये मुहम्मद अली झाला, तेव्हापासून हा प्रश्न अमेरिकेत उघडपणे गाजत होता. मराठी वाचकाला तर तो अधिकच जवळचा आहे. १९५६ च्या धर्मांतरानंतर अपमानाची खूण वागविणारी नावे टाकून देणे ही येथे मुक्तीची कृती ठरली. आणि ज्या दशकात ही कथा लिहिली गेली त्याच दशकात, १९७२ मध्ये, मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले होते. नामांतराला केवळ थिल्लरपणा म्हणून हसणारे वाचन त्यामुळे येथे तरी स्वीकारता येणार नाही.

परंतु कथा याच्याही पुढे जाते. 'डी' हे नाव कोठून आले, याचा शोध आई घेऊ लागते. मावशीचे ते नाव होते, तिच्या आधी आजीचे. आणि मनात आणले असते तर यादवी युद्धापलीकडेही हा धागा नेता आला असता, असे ती मनाशी म्हणते. दोघींचेही म्हणणे खरे आहे. नावाच्या मुळाशी गुलामी असू शकते. पण पिढ्यानुपिढ्या आजीने नातीला त्या नावाने हाक मारली, म्हणून ते आता मालकाचे राहिलेले नाही. रवीच्या दांड्याप्रमाणे नावही वापरानेच आपले झाले आहे. गणवेशाच्या तुकड्याचेही हेच झाले. सरकारी कापड घराच्या पांघरुणात शिवले गेले आणि घराचे झाले. शीर्षकातील 'रोजचा वापर' या शब्दांचा आवाका असा गोधडीपलीकडे, भाषेपर्यंत पोहोचतो. नवे नाव घेणारी डी हा धागा तोडते, आणि तो तोडताना तिच्या हाती जे येते त्याला अद्याप कोणाच्या वापराचा स्पर्श झालेला नाही.

५

मॅगीच्या व्यक्तिचित्रणाचा विचार सामान्यतः तिच्या निरागसतेपाशी संपतो. वस्तुतः तिचे शरीर हाही वारशाचाच भाग आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी जुने घर जळाले, तेव्हाचे भाजल्याचे व्रण तिच्या अंगावर आहेत. आगीच्या वेळी डी दूर झाडाखाली एकटक पाहत उभी होती, असे आईला आठवते. तिनेच आग लावली, असे मात्र कथेत कुठेही म्हटलेले नाही. पुराव्याच्या सीमेवर सोडलेली ही शंका पुराव्यासारखी वापरणारे समीक्षण संहितेपेक्षा अधिक बोलते. निश्चित आहे ते एवढेच की, या घराने मॅगीला आठवणी आणि शिवणकलेबरोबर भीतीही दिली आहे. पाय ओढत, मान खाली घालून चालणारी मॅगी ज्या वारशाची धनी आहे त्यात दबून राहण्याचाही समावेश होतो.

म्हणूनच वादाच्या ऐन भरात गोधड्या डीला देऊन टाकण्याची तिची तयारी दोन अर्थांनी वाचावी लागते. आजीची आठवण ठेवायला गोधडीची गरज नाही, हे तिचे म्हणणे वारशाविषयीचे कथेतील सर्वांत परिपक्व आकलन आहे. कारण तिला गोधडी शिवता येते, आणि ज्याला कृती येते त्याला वस्तूचा लोभ उरत नाही. त्याच वेळी, आपल्या वाट्याला कधी काही येत नसते, ही सवयीने आलेली शरणागतीही त्या बोलण्यात आहे. शहाणपण आणि पराभव एकाच वाक्यात गुंफले गेले आहेत. वॉकर यांच्या व्यक्तिचित्रणाची ही खरी कसोटीची जागा आहे.

६

आईच्या बाबतीत दोन गोष्टी लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली अशी की, ती तटस्थ निवेदक नाही. कथेच्या आरंभी तिला पडणारे दूरचित्रवाणीवरील भेटीचे स्वप्न, डीला आवडावे म्हणून त्यात तिने स्वतःला सडपातळ, उजळ आणि हजरजबाबी कल्पिणे, आणि मग स्वतःच्या राकट हातांकडे परतणे, यांतून मुलीच्या नजरेने स्वतःला जोखण्याची तिची सवय उघड होते. डीविषयीच्या तिच्या कथनात दुखावलेपण आणि अभिमान एकत्र नांदतात. तिचा निवाडा स्वीकारताना हे विसरून चालत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. गोधड्या रोजच्या वापरात आहेत, असे कथेत नाहीच. त्या आईच्या पलंगाच्या पायथ्याशी पेटीत ठेवलेल्या आहेत. कोणी न वापरता आपण त्या कितीतरी काळ जपून ठेवल्या, हे तीच कबूल करते. मग डीच्या भिंतीत आणि आईच्या पेटीत अंतर किती उरते? शिवाय कॉलेजला जाताना एक गोधडी तिने डीला देऊ केली होती, आणि डीने ती जुनाट म्हणून नाकारली होती. मोलाचे आहे ते थोरलीकडे जावे, ही आईचीही जुनी रीत आहे. संघर्ष आई आणि डी यांच्यात दिसतो, पण त्याचा खोल पदर आईच्या स्वतःच्या सवयीशी आहे.

शेवटची कृती या पार्श्वभूमीवर पाहावी लागते. आईला कृतीला प्रवृत्त करतो तो डीचा उद्दामपणा नव्हे. तो तिला नवा नाही. मॅगी बहिणीकडे रागाने नव्हे, भीतीने पाहते आणि आपला वाटा एवढाच असे मानते, हे दृश्य तिला हलविते. प्रार्थनेत अंगात संचार व्हावा तसे तिला होते. ती मॅगीला कवटाळते, डीच्या हातांतून गोधड्या हिसकावते आणि मॅगीच्या मांडीवर टाकते. जिला जग कधी 'नाही' म्हणायला शिकले नव्हते त्या डीला प्रथमच नकार मिळतो. पण नकार देण्याचे हे सामर्थ्य या घरात आजवर कोणापाशी होते? डीपाशी. जे आहे ते निमूटपणे न स्वीकारण्याचा डीचा गुण आई त्या क्षणी उचलते आणि तो मॅगीच्या बाजूने वापरते. गोधड्यांची परंपरा राखताना आई दुसरी एक परंपरा मोडते. ती मुकाट्याने सोसण्याची.

यामुळे डीच्या अखेरच्या बोलण्यातील उपरोधही दुहेरी होतो. तुम्हांला वारसा कळत नाही, हे ती आईला सुनावते तेव्हा ती चुकते. स्वतःचे काहीतरी कर, हा नवा काळ आहे, हे ती मॅगीला सांगते तेव्हा मात्र ती चुकत नाही. फक्त ती घटना तिच्या डोळ्यांदेखत नुकतीच घडून गेली आहे, हे तिला दिसलेले नाही. काळा चष्मा चढवून ती गाडीत बसते. मॅगी हसते, आणि ते हसू भ्यालेले नसते.

७

वारसा ही सांभाळायची वस्तू की करायची कृती, हा प्रश्न कथेत कोणी विचारीत नाही. डीची नजर, मॅगीचे स्मरण आणि आईचा हात यांच्या परस्परसंबंधातून तो घडत जातो. कथेचे उत्तरही सोपे नाही. वापरली तर गोधडी पाच वर्षांत फाटेल, हे डीचे भय खरे आहे. फाटली तर मॅगी नवी शिवील, हे आईचे उत्तरही खरे आहे. मात्र त्या नव्या गोधडीत पणजोबांचा निळा तुकडा नसेल. काही हरवेल, हे मान्य करूनच आई ती मॅगीच्या मांडीवर टाकते. पात्रांना आशयसूत्राचे प्रतिनिधी मानणाऱ्या वाचनातून हे हरवणे निसटते. कथेच्या शेवटी अंगणात तपकीर घेत, झोपेची वेळ होईपर्यंत गप्प बसलेल्या मायलेकींत मात्र ते गृहीत आहे. पेटी आता उघडली गेली आहे, आणि त्या रात्रीनंतर गोधडी कोणाच्या तरी अंगावर असेल.