तीन मुलींचे मौन

दिल्लीतील जानेवारीची थंडी मुंबईकराला सोसत नाही. इंडिया गेटपाशी दुपारीही धुके होते. जयपूर हाऊसमधील राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयात मी शिरलो तो, खरे सांगायचे तर, निम्मा उबेसाठी. अमृता शेरगिलविषयी माझे मत ठरलेलेच होते. बुडापेस्टला जन्मलेली, पॅरिसला शिकलेली ही चित्रकर्ती. तिने रंगविलेले दैन्य हे पाहुणीने पाहिलेले दैन्य, असे मी पूर्वी लिहूनही बसलो होतो.

‘तीन मुली’ (१९३५) या चित्रासमोर ते मत डळमळले. कारण त्यात दैन्य कोठेच नाही. घर नाही, भांडीकुंडी नाही. तांबडे, हिरवे कपडे तर प्रसन्नच आहेत. तिघी खेटून बसल्या आहेत, आणि एकीची नजर दुसरीला भेटत नाही. त्यांचे कारुण्य परिस्थितीत नाही. या मिटलेल्या सान्निध्यात आहे.

अजिंठ्याने अमृताला भारतीय केले, असे म्हणण्याचा प्रघात आहे. पण तिने अजिंठा पाहिला १९३६-३७ च्या हिवाळ्यात; हे चित्र त्याआधीचे. अजिंठ्याने दिली ती रचना. ‘ब्रह्मचारी’ (१९३७) मधील पाच देह सावळी कांती आणि पांढरी धोतरे यांच्या लयीने एकमेकांत गुंफले आहेत. अजिंठ्याची वळणारी, वाहती रेषा मात्र तिने उचलली नाही. तिची माणसे वाकत नाहीत, थबकतात. ही उसनवारी नव्हे, निवड आहे.

तरी माझी तक्रार सर्वस्वी खोटी नव्हती. त्याच वर्षीच्या ‘वधूशृंगार’मध्ये तोल इतका नेमका साधला आहे की त्यातील बायका सुबक मांडलेल्या वस्तूंसारख्या वाटू लागतात. तेथे पाहणारी आणि पाहिली जाणारी यांच्यातले अंतर जाणवते.

बाहेर आलो तेव्हा फाटकापलीकडे चार बायका शेकोटीभोवती बसून खदखदून हसत होत्या. क्षणभर वाटले, चित्र खोटे ठरले. पण त्या मुलींचे मौन हिंदी स्त्रीची साक्ष म्हणून मी वाचत होतो, हीच माझी चूक. ते त्या चित्राचे मौन आहे, आणि तेथे ते खरे आहे. मागचे मत मी मागे घेतो. ‘वधूशृंगार’पुरते मात्र ठेवतो.