बाजूला पडलेले पत्त्यांचे खेळ

भंडारा जिल्ह्यात जादूचे प्रयोग होतात ते बहुधा शाळेच्या स्नेहसंमेलनात, गणपती-शारदेच्या मांडवात आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यक्रमांत. रिकाम्या डब्यातून रुमाल निघतात, कापलेली दोरी जुळते, नारळ पेटतो, हवेतून अंगारा येतो. पत्त्यांचा कॅट बाहेर निघालाच तर तो पंखा करून दाखवण्यापुरता, नाहीतर दुकानातून तयार आणलेला मोठ्या पत्त्यांचा एखादा खेळ करण्यापुरता. जादूविद्येत पत्त्यांवर जेवढं लिहिलं गेलं तेवढं दुसऱ्या कुठल्याही साधनावर लिहिलं गेलेलं नाही. आपल्याकडे मात्र हीच शाखा सगळ्यांत दुबळी राहिली. तिच्यातला एक मोठा भाग तर असा, की जे मोजके लोक पत्त्यांची जादू शिकतात तेही त्याच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. हाताच्या सफाईशिवाय, केवळ क्रम, मोजणी आणि मांडणी यांवर चालणारे हे खेळ. 'यात कौशल्य काय?' असं म्हणून त्यांना पोरखेळात टाकलं जातं. माझं मत उलट आहे. आपल्याकडचे पत्ते, आपली गर्दी आणि आपली भाषा यांना हेच खेळ सगळ्यांत जास्त मानवतात. फक्त ते मराठीत पुन्हा रचावे लागतील.

आधी ही अवस्था का आली ते पाहू. महाराष्ट्रात व्यावसायिक जादूला प्रतिष्ठा मिळाली ती जादूगार रघुवीर (१९२४–१९८४) यांच्यामुळे. त्यांच्या आत्मकथनाचं नाव 'प्रवासी जादूगार' आणि तसंच त्यांचं आयुष्य होतं. पुढे मुलगा विजय आणि नातू जितेंद्र यांनी ही परंपरा चालवली. पण ही परंपरा रंगमंचाची आहे. शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसलं पाहिजे, हा तिचा पहिला नियम, आणि पत्ता तिथून दिसत नाही. मराठी मनात जादूगार म्हणजे फेटा, झगा, पेट्या आणि वाद्यवृंद हे चित्र पक्कं झालं, त्यात पत्त्यांना जागा उरली नाही.

दुसरं कारण अधिक खोल आहे. पत्ते म्हणजे जुगार. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे, आणि विदर्भात पोळ्याच्या दिवसांत अड्ड्यांवर धाडी पडल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. जत्रेत तीन पत्त्यांवर पैसे लावायला सांगणाऱ्यांनी किती जणांचे खिसे मोकळे केले याच्या कहाण्या घरोघरी आहेत. ज्या पोराच्या हातात कॅट दिसला त्याला 'पत्ते कुटत बसतो' असं ऐकावं लागतं. व्हायोलिन शिकणाऱ्याला सराव करताना लपावं लागत नाही, पत्त्यांची जादू शिकणाऱ्याला लागतं. जी कला घरात लपून शिकावी लागते, तिला गुरू मिळत नाही आणि शिष्यही मिळत नाहीत.

मग मोबाइल आला. गेल्या दहा-पंधरा वर्षांत साकोली-तुमसरच्या मुलांनाही जगातले उत्तम हात पडद्यावर पाहता येऊ लागले. हे चांगलंच झालं. पण त्यातून शिकणारा मुलगा नेमकं काय उचलतो? डबल लिफ्ट (दोन पत्ते एकच असल्यासारखे उचलणं), रंग बदलणारा पत्ता, एका हाताने कॅट काटणं. हे सगळं कॅमेऱ्यासमोर, एका कोनातून, घसरत्या गुळगुळीत परदेशी पत्त्यांवर केलेलं असतं. आपल्या गावात खेळायचं तर किराणा दुकानातला कॅट मिळतो. चार महिने पारावर फिरलेला, कडा फुगलेला, पावसाळ्यात एकमेकांना चिकटणारा. त्यावर डबल लिफ्ट करायला गेलं की तीन पत्ते उचलले जातात. शिवाय प्रेक्षक समोर ओळीत बसत नाहीत. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, खडी गंमत असो की दंडार, ही लोकनाट्यं लोक भोवती उभे राहून पाहतात. पोरं तर कलावंताच्या पाठीला चिकटून असतात. अशा रिंगणात तळहातात लपवलेला पत्ता मागच्याला दिसतो, आणि तो ते मोठ्याने सांगतोही.

हाताची सफाई कमी लेखावी असं मी म्हणत नाही. १९०२ साली शिकागोत एस. डब्ल्यू. अर्डनेस या टोपणनावाने निघालेलं 'द एक्स्पर्ट ॲट द कार्ड टेबल' आजही अभ्यासलं जातं ते उगाच नाही. पण त्याच परंपरेत दुसरा प्रवाहही आहे. कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स जॉर्डनने १९१६ मध्ये टपालाने होणारा खेळ काढला. पत्त्यांचा कॅट पाकिटातून पाठवायचा, समोरच्याने तो पिसायचा, एक पत्ता पाहून गड्डीत घालायचा आणि अर्धी गड्डी परत पाठवायची. जॉर्डन टपालानेच पत्ता कळवायचा. त्याचं 'थर्टी कार्ड मिस्टरीज' १९१९ चं. ह्यूगार्डच्या १९३७ च्या 'एन्सायक्लोपीडिया ऑफ कार्ड ट्रिक्स'मध्ये आणि जॉन स्कार्नीच्या १९५० च्या पुस्तकात असे शेकडो खेळ दडलेले आहेत. स्कार्नी स्वतः पत्त्यांवर अजोड हुकूमत असलेला माणूस, आणि त्याने पुस्तक लिहिलं ते हाताच्या सफाईविना होणाऱ्या दीडशेच्या वर खेळांचं. ज्यांना हात होते त्यांनीच या खेळांची कदर केली, ही गोष्ट आपल्याकडच्या शिकाऊंनी ध्यानात घ्यावी.

जॉर्डनच्या खेळामागचं गणित कळायला बराच काळ गेला. चौदाव्या वर्षी घर सोडून डाय व्हर्नन या थोर जादूगाराबरोबर भटकलेला पर्सी डायकोनिस पुढे गणिताचा प्राध्यापक झाला. त्याने आणि डेव्ह बायरने १९९२ मध्ये दाखवलं की दोन अर्ध्या गड्ड्या फर्रकन एकमेकींत मिसळण्याच्या पद्धतीने ५२ पत्ते नीट विस्कटायला साधारण सात वेळा पिसावं लागतं. त्याहून कमी पिसलं तर जुन्या क्रमाच्या खुणा शिल्लक राहतात, आणि जादूगार त्या वाचतो. आपल्याकडे मात्र बहुतेक लोक तसं पिसत नाहीत. गड्डी हातात धरून झुबके वरून खाली टाकतात. या पद्धतीने पत्ते खरोखर विस्कटायचे तर पिसण्याची संख्या हजारोंच्या घरात जाते. म्हणजे चार-सहा वेळा पिसून 'आता कशाचाच पत्ता लागणार नाही' असं समजणाऱ्या माणसाच्या हातात क्रमाचे लांबच लांब तुकडे शाबूत असतात. या एका गोष्टीवर आपल्या मातीतले किती खेळ उभे राहू शकतील! अजून कोणी ते रचायला बसलेलं नाही.

काही खेळ मात्र आपल्या पद्धतीने मोडतात. नॉर्मन गिलब्रेथने १९५८ मध्ये 'लिंकिंग रिंग' मासिकात एक तत्त्व प्रसिद्ध केलं. लाल-काळा-लाल-काळा असे लावलेले पत्ते, त्यातले काही एकेक करून टेबलावर मोजून टाकले आणि ती गड्डी उरलेल्या गड्डीत एकदा मिसळली, तरी वरून घेतलेल्या प्रत्येक जोडीत एक लाल आणि एक काळा निघतोच. झुबके टाकून पिसलं तर हे बिघडतं. उपाय सोपा आहे. दोन गड्ड्या सतरंजीवर समोरासमोर ठेवायच्या आणि प्रेक्षकालाच त्या कशाही एकमेकींत घुसवायला सांगायच्या. वेडंवाकडं घुसवलं तरी चालतं, आणि सगळं काम स्वतः प्रेक्षकाने केल्यामुळे परिणाम दुप्पट होतो. फर्रकन पिसणारा सफाईदार हात इथे उलट संशय वाढवतो.

आता ज्या खेळाची सगळ्यांत जास्त हेळसांड झाली त्याकडे येतो. एकवीस पत्त्यांचा खेळ प्रत्येकाला येतो: तीन रांगा, 'तुझा पत्ता कोणत्या रांगेत?', असं तीनदा, आणि शेवटी अकरावा पत्ता. घरातल्या मामाने दाखवलेला हा खेळ म्हणून जादूगाराला त्याची लाज वाटते. पण त्याचाच थोरला भाऊ, सत्तावीस पत्त्यांचा खेळ, फारसा कोणी करत नाही. फ्रेंच गणिती जेर्गोन याने १८१३ च्या सुमारास त्याची मीमांसा केली, तेव्हा यात कुणाचं गुपित फोडल्याचा दोष नाही. सत्तावीस पत्ते तीन ढिगांत एकेक उताणे वाटायचे, पत्ता कोणत्या ढिगात ते विचारायचं, ढीग गोळा करून पालथे करायचे, असं तीनदा. पालथ्या गड्डीत पत्त्याचा ढीग दर वेळी वर, मध्ये की खाली ठेवायचा यावरून पत्ता कितवा येणार ते आपल्याला ठरवता येतं. मध्ये ठेवला तर पहिल्या वेळी त्याच्यावर एक, दुसऱ्या वेळी तीन, तिसऱ्या वेळी नऊ पत्ते जमा होतात. खाली ठेवला तर त्याच्या दुप्पट. वर ठेवला तर शून्य. प्रेक्षकाने 'चौदावा' म्हटलं तर वर तेरा पत्ते हवेत, म्हणजे एक अधिक तीन अधिक नऊ: तिन्ही वेळा मध्ये.

आणि इथे मराठी मदतीला येते. इंग्रजीत पत्त्याच्या नावाचं स्पेलिंग करत एकेका अक्षराला एकेक पत्ता टाकायचा, असे खेळ खूप आहेत. त्यांची अडचण अशी की इंग्रजी नावं दहापासून पंधरा अक्षरांपर्यंत पसरलेली असतात, त्यामुळे जादूगाराला दर वेळी वेगळी तयारी करावी लागते. मराठीत मोजून पाहा. ब-दा-म-ची-रा-णी, सहा. चौ-क-ट-ची-स-त्ती, सहा. इ-स्पि-क-चा-ए-क्का, सहा. दुर्रीपासून दश्शीपर्यंत, राजा-राणी-एक्क्यासह सगळे दोन अक्षरी. फक्त गुलाम तीन अक्षरी. रंगांत फक्त किलवर चार अक्षरी. म्हणजे बावन्न पत्त्यांपैकी छत्तीस नावं सहा अक्षरांची, पंधरा सात अक्षरांची, आणि आठ अक्षरांचा एकटा किलवरचा गुलाम. अभंगाच्या चरणाची सवय असलेल्या कानाला ही सहा अक्षरं आपोआप ठेक्यात पडतात.

मग पत्ता वरून सातवा आणायचा. सत्तावीसच्या खेळात त्यासाठी ढीग पहिल्यांदा वर, दुसऱ्यांदा खाली, तिसऱ्यांदा पुन्हा वर ठेवायचा. प्रेक्षकाने आपल्या पत्त्याचं नाव मोठ्याने उच्चारत स्वतः एकेक पत्ता टाकायचा. नाव सात अक्षरांचं असेल तर शेवटच्या अक्षरावर पडलेला पत्ता उलटायचा. सहा अक्षरांचं असेल तर गड्डीवर आता वर आलेला. किलवरचा गुलाम सत्तावीसमध्ये घ्यायचाच नाही. एक पथ्य आहे: विदर्भात पुष्कळ ठिकाणी नव्वी-दश्शीला नहला-दहला म्हणतात, ती तीन अक्षरी आहेत. तेव्हा त्या गावी किलवरचे तेही दोन पत्ते बाजूला ठेवायचे, बाकीच्यांचं गणित जमतं. म्हणजे जादूगाराने खेळाआधी गावातल्या लोकांशी दोन डाव खेळून त्यांच्या तोंडची नावं ऐकली पाहिजेत. परदेशी व्हिडिओ पाहून हे कळत नाही. या रचनेत जादूगाराला पत्ता कोणता हे शेवटपर्यंत माहीत नसतं, म्हणून त्याच्या चेहऱ्यावर काही दिसायचा प्रश्नच येत नाही. गर्दी कितीही चिकटून उभी असो, पाहण्यासारखं चोरटं काही नाहीच. 'थ्यानं तर पत्ता पाह्यलाच नाही, मंग समजलं कसं?' हा प्रश्न मागच्या रांगेतून येतो, आणि या खेळाला मिळणारी तीच खरी दाद.

याच जातीचं दुसरं धन आपल्या घरचंच आहे. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी ६१७४ या संख्येचा गुण शोधला. अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनरने १९७५ मध्ये त्यांच्यावर लिहिलं तेव्हा जगाला ते माहीत झाले. प्रेक्षकाला नव्वीपर्यंतचे कोणतेही चार पत्ते निवडू द्या, चारही सारखे नसले म्हणजे झालं. समजा तिर्री, पंजी, दुर्री, चव्वी. सर्वांत मोठ्या संख्येतून सर्वांत लहान वजा करा: ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. पुन्हा तेच: ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. आणखी एकदा: ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. सातपेक्षा जास्त पायऱ्या कधी लागत नाहीत. आधीच पालथे ठेवलेले छक्की, एक्का, सत्ती, चव्वी उलटायचे. फळा आणि खडू असलेल्या कोणत्याही वर्गात हा खेळ होतो. तरीही तो जादूगारांच्या नव्हे, गणिताच्या गुरुजींच्या हाती राहिला आहे.

या खेळांचे दोषही सांगितले पाहिजेत. ते संथ असतात. सत्तावीस पत्ते तीनदा वाटताना लोक कंटाळतात आणि आकडेमोडीचा वास आला की जादू विरते. म्हणून या प्रकारात हातापेक्षा तोंडाची साधना अधिक लागते. वाटताना बोलायचं काय, कोणाला बोलतं करायचं, कुठे थांबायचं, हे बसवायला महिने लागतात. दंडारीतला सोंगाड्या हे जाणतो. आपले जादूगार त्याच्याकडून शिकायला जात नाहीत, ही माझ्या मते या क्षेत्रातली सगळ्यांत मोठी चूक आहे. पाठ केलेल्या हिंदी-इंग्रजी मिश्रित बोलण्याने प्रयोग सुरू होतो आणि प्रेक्षक तिथेच परका होतो.

अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी विदर्भातल्या गावांत चमत्कारांमागची युक्ती उघड करून दाखवण्याचं मोठं काम केलं, आणि २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्या दीर्घ चळवळीतून आला. त्यांना युक्ती सांगावीच लागते. जादूगाराला ती सांगून चालत नाही. पत्त्यांचे हे खेळ दोघांच्या मध्ये उभे राहतात. 'यात मंत्र नाही, मोजणी आहे, आणि ती तुम्हीच शोधा', असं प्रेक्षकाला प्रामाणिकपणे सांगता येतं, आणि तरी अचंबा कमी होत नाही. वर्गातली दोन मुलं घरी जाऊन सत्तावीस पत्ते मांडून बसली, तर पत्त्यांवरचा जुगाराचा डागही थोडा पुसला जाईल.

दिवाळीनंतर झाडीपट्टीत मंडयांचा, म्हणजे गावोगावच्या जत्रांचा, हंगाम सुरू होतो. जे कोणी या भागात जादू करतात त्यांना माझी विनंती आहे: यंदा एक खेळ तरी पत्त्यांचा बसवा, गावातल्या कॅटवर, गावातल्या नावांनी, रिंगणात उभं राहून. आपापल्या गावात पत्त्यांना काय म्हणतात आणि लोक ते कसे पिसतात हे वहीत टिपून ठेवा, आणि ती वही दुसऱ्या जादूगाराला वाचायला द्या.