सहकार्याची कसोटी : ‘कन्यादान’मधील नाथ देवळालीकर आणि १९२७ चे महाड-बदलापूर

प्रास्ताविक

जातिव्यवस्थेविरुद्धच्या चळवळींचा मराठीत जो अभ्यास झाला आहे, त्यात दोन पक्षांचे विवेचन विपुल आढळते. एक पक्ष अन्याय सोसणाऱ्यांचा आणि त्याविरुद्ध उभे राहणाऱ्यांचा, दुसरा अन्याय करणाऱ्यांचा. जन्माने वरच्या जातीतला, पण चळवळीच्या बाजूने आलेला सहकारी मात्र समीक्षेत एकतर गौरवाचा विषय होतो किंवा संशयाचा. त्याचे सहकार्य खरे कशावरून मानायचे, हा प्रश्न स्वतंत्रपणे क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात विजय तेंडुलकर यांच्या ‘कन्यादान’ (१९८३) या नाटकातील नाथ देवळालीकर या व्यक्तिरेखेच्या आधारे हा प्रश्न तपासला आहे. तुलनेसाठी १९२७ या एका वर्षातील महाड आणि बदलापूर येथील घटना घेतल्या आहेत. नाटककाराने इतिहास लिहावा अशी अपेक्षा येथे नाही. परंतु सहकाऱ्याविषयी नाटक जो निष्कर्ष सुचविते, तो पारखून घेण्यास इतिहासाचे साहाय्य होते.

हा प्रश्न मराठीला नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तेथील लोकांना अर्पण केला आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी त्यांचा कित्ता गिरवावा अशी अपेक्षा व्यक्त केली. वंशभेदाविरुद्ध लढणाऱ्या गोऱ्या सहकाऱ्यांची मराठी ग्रंथातील ही फार महत्त्वाची दखल होय. १८६५ साली अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली होती. म्हणजे फुल्यांनी गौरव केला तो तडीस गेलेल्या कार्याचा. केवळ हळहळ व्यक्त करणाऱ्यांना त्यांनी ग्रंथ अर्पण केलेला नाही, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

नाथ देवळालीकर : सहकार्य की प्रयोग?

नाथ देवळालीकर हा समाजवादी विचारांचा आमदार आहे. पत्नी सेवा सामाजिक कार्यकर्ती आहे. मुलांची नावे ज्योती आणि जयप्रकाश अशी आहेत. घरात लोकशाहीचा उच्चार सतत होतो. ज्योती अरुण आठवले या दलित कवीशी विवाह करण्याचा विचार घरात सांगते, तेव्हा सेवा आणि जयप्रकाश शंका काढतात. नाथ मात्र हर्षभरित होतो. या विवाहाने आपले घर खऱ्या अर्थाने भारतीय होईल असे त्याला वाटते. पुढे अरुण ज्योतीला मारहाण करतो, ज्योती घरी येते, तेव्हाही हा प्रयोग फसू नये ही नाथची तळमळ कायम राहते. अरुणचे आत्मचरित्र गाजते. त्यावरील चर्चेचे अध्यक्षपद स्वीकारावे म्हणून अरुण नाथकडे येतो. नाथ मनातून नाराज असूनही, मुलीच्या संसाराचा विचार करून, सभेत पुस्तकाची स्तुती करतो. या दांभिकपणाचा जाब ज्योतीच त्याला विचारते आणि वडिलांच्या संस्कारांचा त्याग करून अरुणकडे परत जाते.

या नाटकावर दलित वाचक-प्रेक्षकांनी घेतलेला मुख्य आक्षेप अरुणच्या चित्रणाविषयी होता. दया पवार यांच्या ‘बलुतं’नंतर (१९७८) दलित आत्मकथनांना मराठीत प्रतिष्ठा मिळत असताना, रंगभूमीवर आलेला दलित लेखक बायकोला मारणारा असावा, हे अनेकांना खटकले. दुसरीकडे याच नाटकासाठी तेंडुलकरांना १९९३ चा सरस्वती सन्मान मिळाला. आक्षेप आणि सन्मान या दोहोंच्या गदारोळात नाथकडे असावे तेवढे लक्ष गेले नाही. वस्तुतः नाटकाचा खरा विषय नाथच आहे.

नाथच्या सहकार्यात तीन उणिवा दिसून येतात. पहिली अशी की, विवाहाचा निर्णय ज्योतीचा असला तरी त्याचा अर्थ नाथने ठरविलेला आहे. अरुण त्याच्यासाठी एक व्यक्ती होण्याआधी एका सिद्धांताचा पुरावा होतो. दुसरी, या सहकार्याची किंमत नाथ स्वतः मोजत नाही. त्याचे पद, मानमरातब, सभासंमेलने शाबूत राहतात. मार ज्योती खाते. तिसरी उणीव अधिक सूक्ष्म आहे. नाथ आपल्या जातीच्या, आपल्या वर्तुळातल्या लोकांशी या प्रश्नावर बोलताना नाटकात कोठेच दिसत नाही. तो बोलतो ते घरात, आणि अखेरीस दलित लेखकाच्या गौरवसभेत. जेथे विरोध होण्याचा संभव आहे, तेथे त्याचा आवाज ऐकू येत नाही.

या तिन्ही उणिवांचा स्फोट नाटकातील एका प्रसंगी होतो. निमंत्रण देऊन अरुण निघून गेल्यावर नाथचा संयम सुटतो. घर बाटल्याची, आंघोळ करून स्वच्छ व्हावेसे वाटण्याची भाषा त्याच्या तोंडी येते. आयुष्यभर अस्पृश्यतेविरुद्ध बोललेल्या माणसाला राग व्यक्त करताना विटाळाचीच भाषा सापडावी, हे तेंडुलकरांचे निरीक्षण असामान्य आहे. अरुणच्या वर्तनाचा राग न्याय्यच आहे. परंतु बायकोला मारणाऱ्या सवर्ण जावयाविषयी नाथने हीच भाषा वापरली असती काय, असा प्रश्न येथे उभा राहतो.

महाड आणि बदलापूर : १९२७

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. रावबहादूर सी. के. बोले यांच्या १९२३ च्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले होते आणि महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. प्रत्यक्षात पाणी भरण्याची सोय नव्हती. परिषदेच्या अखेरीस सर्वांनी तळ्यावर जावे ही सूचना पुढे आणण्यात अनंतराव चित्रे यांचा वाटा होता. सुरेंद्रनाथ टिपणीस हे नगरपालिकेच्या कारभारातील व्यक्ती होते. दोघेही अस्पृश्य समाजाबाहेरचे. तळ्यावरून परतलेल्या प्रतिनिधींवर हल्ला झाला आणि नंतर १०८ घागरी पंचगव्याने तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. नाथच्या तोंडी आलेली आंघोळीची भाषा आणि महाडच्या या घागरी एकाच मुशीतल्या आहेत.

या हल्ल्यानंतर सहा आठवड्यांनी, ३ मे १९२७ रोजी, बदलापूर येथे शिवजयंतीचा त्रिशतसांवत्सरिक उत्सव झाला. त्याचे अध्यक्षस्थान डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना देण्यात आले. उत्सवामागे पालयेशास्त्री या ब्राह्मण गृहस्थांचा पुढाकार होता. धनंजय कीर यांच्या आंबेडकरचरित्रात या उत्सवाची नोंद आहे. या घटनेचे महत्त्व तिच्या काळात आहे. ज्यांच्या अनुयायांनी पाण्याला स्पर्श केला म्हणून तळे शुद्ध करण्यात आले होते, त्यांनाच एका ब्राह्मणाच्या पुढाकाराने सर्व समाजाच्या उत्सवाचे अध्यक्षपद मिळत होते. अस्पृश्यांच्या सभेत जाऊन सहानुभूतीचे भाषण करणे त्या काळीही तुलनेने सोपे होते. आपल्या गावात, आपल्या लोकांसमोर, आपल्या उत्सवाची खुर्ची देणे अवघड होते.

त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाड येथेच मनुस्मृतीचे दहन झाले. त्याचा ठराव गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मण सहकाऱ्याने मांडला आणि पां. ना. राजभोज यांनी त्याला अनुमोदन दिले. येथे सहस्रबुद्धे यांनी स्वतंत्र प्रायश्चित्ताचा सोहळा योजलेला नाही. परिषद दलितांची होती, नेतृत्व डॉ. आंबेडकरांचे होते, आणि त्या चौकटीत आपल्याच धर्मग्रंथाविरुद्ध उभे राहण्याचे काम त्यांनी पत्करले.

या दोन परिषदांच्या दरम्यान सहकार्याचा आणखी एक प्रकार पुढे आला. केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर या ब्राह्मणेतर पुढाऱ्यांनी सत्याग्रहाला पाठिंबा देण्याची तयारी दाखविली. मात्र त्यात एकाही ब्राह्मणाला घेऊ नये अशी अट घातली. डॉ. आंबेडकरांनी ती अमान्य केली. आपला विरोध ब्राह्मण जातीत जन्मलेल्यांना नसून ब्राह्मण्याला आहे, अशी त्यांची भूमिका होती. जेधे-जवळकरांच्या पाठिंब्यामागे संख्येचे बळ होते. तरीही चळवळीत कोणी यावे हे ठरविण्याचा अधिकार पाठिंबा देणाऱ्याकडे सोपविण्यास त्यांनी नकार दिला. १९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने अध्यक्षीय भाषणातील काही मजकूर वगळण्याचा आग्रह धरला, तेव्हाही त्यांनी अध्यक्षपद सोडले आणि ते भाषण स्वखर्चाने प्रसिद्ध केले. मंडळाचा हेतू जातिनिर्मूलनाचा होता. अडचण हेतूत नव्हती, अटीत होती.

अमेरिकेतील अनुभवही याला पूरक आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांनी एप्रिल १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात, उघड द्वेष करणाऱ्यांपेक्षा नेमस्त गोऱ्या हितचिंतकांविषयी अधिक निराशा व्यक्त केली आहे. ध्येय मान्य, पण मार्ग आणि वेळ आम्ही सांगू, अशी त्या हितचिंतकांची वृत्ती होती. नाथला अरुण हवा आहे, पण आपल्या कल्पनेतला. लाहोरच्या मंडळाला आंबेडकर हवे होते, पण संपादित केलेले. ही वृत्ती एकच आहे.

‘कन्यादान’ची मर्यादा

या पार्श्वभूमीवर ‘कन्यादान’कडे पाहिले असता नाटकाची शक्ती आणि मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात. सहकाऱ्याच्या मनातील दांभिकपणा तेंडुलकरांनी निर्दयपणे उघड केला. परंतु नाटक सहकाऱ्याचे मोजमाप केवळ त्याच्या प्रामाणिकपणाने करते. नाथ प्रामाणिक होता तेव्हा भाबडा ठरला, आणि व्यवहारी झाला तेव्हा दांभिक ठरला. याखेरीज तिसरी शक्यता नाटकात नाही. परिणामी सवर्ण प्रेक्षकाला एक सोयीची पळवाट मिळते : साथ द्यायला गेले की असे होते, तेव्हा दूर राहिलेले बरे. नाटककाराचा हेतू असा नसेलही. पण सेवा आणि जयप्रकाश यांच्या सुरुवातीच्या शंका अखेरीस खऱ्या ठरतात, ही रचना त्या निष्कर्षाला बळ देते.

चित्रे, टिपणीस, सहस्रबुद्धे, पालयेशास्त्री यांच्या अंतःकरणात काय होते, हे सांगण्याचे साधन आज उपलब्ध नाही. त्यांच्याही मनात संस्कारांचे अवशेष असतील. तरीही त्यांचे सहकार्य पारखता येते, कारण ते कृतीत उतरलेले आहे. निर्णय कोणाच्या हाती होता, झीज कोणी सोसली आणि सहकारी कोणासमोर उभा राहिला, या तीन प्रश्नांची उत्तरे तेथे मिळतात. १९२० च्या माणगाव परिषदेत राजर्षी शाहू महाराजांनी जमलेल्या लोकांना आंबेडकरांच्या रूपाने तुमचा पुढारी तुम्हाला लाभला आहे असे सांगितले, तो पहिल्या प्रश्नाच्या उत्तराचा उत्तम नमुना होय. मे १९४७ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरासाठी साने गुरुजींनी केलेल्या उपोषणाचा रोख सवर्ण हिंदूंकडे होता. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तेथे सापडते.

अध्यापनाच्या संदर्भात

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातील महाविद्यालयांना या विवेचनाचा निकटचा संदर्भ आहे. फाळणीनंतर कल्याणजवळील लष्करी छावण्यांत आलेल्या सिंधी निर्वासितांतून उल्हासनगर वाढले. अंबरनाथ कारखान्यांमुळे आणि बदलापूर लोकलगाडीमुळे विस्तारले. आंबेडकरी वस्त्यांतील, निर्वासितांच्या तिसऱ्या पिढीतील, आगरी-कोळी घरांतील आणि परप्रांतातून आलेल्या कुटुंबांतील विद्यार्थी येथे एका बाकावर बसतात. अनेकांना अस्पृश्यतेचा प्रश्न हा दुसऱ्या कोणाचा तरी भांडणतंटा वाटतो. आपल्याही पूर्वजांनी घरदार गमावले, ही भावना काहींच्या ठायी असते. स्वतःच्या घरचे दुःख दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहण्याची दृष्टी देऊ शकते. पण ते आपोआप सहकार्य ठरत नाही. अशा वर्गात ‘कन्यादान’ केवळ नाथच्या शोकांतिकेपर्यंत शिकविले, तर विद्यार्थी हात झटकण्यास शिकतो. त्याच्या शेजारी बदलापूरचा १९२७ चा उत्सव ठेवला, तर आपल्याच स्थानकावरच्या एका गावात सहकार्य कसे घडले होते, हे त्याला दिसते.

अध्यापकवर्गालाही हेच तीन प्रश्न लागू पडतात. १४ एप्रिलच्या कार्यक्रमात हार घालणारे अनेक असतात. कार्यक्रम कोणी ठरविला आणि अध्यक्षपद कोणाकडे आले, हे क्वचित पाहिले जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ च्या नियमांत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी यांची तरतूद केली होती. असा कक्ष कागदावर राहतो की तक्रारदार विद्यार्थ्याच्या बाजूने उभा राहतो, हे तेथील सहकाऱ्यांच्या झीज सोसण्याच्या तयारीवर ठरते. आरक्षित जागेवर आलेल्या सहकाऱ्याविषयी प्राध्यापक कक्षात त्याच्या पश्चात शेरा मारला जातो, तेव्हा तेथे हजर असलेल्या सवर्ण अध्यापकाने काय केले, यावरून त्याच्या चर्चासत्रातील निबंधाची किंमत ठरावी.

समारोप

‘कन्यादान’ हे सवर्ण सहकाऱ्याच्या अपयशाचे मराठीतील अत्यंत भेदक नाटक आहे. मात्र अपयशाचे कारण ते नाथच्या भाबडेपणात व दांभिकपणात शोधते. १९२७ च्या घटना दाखवितात की, सहकाऱ्याचे मन पूर्ण निर्मळ होण्याची वाट चळवळीने पाहिली नाही. तिने त्याच्याकडून निर्णयाचा हक्क सोडण्याची, झीज सोसण्याची आणि स्वजनांसमोर बोलण्याची अपेक्षा केली, आणि काहींनी ती पुरी केली. नाथला ज्योती दोष देते तो खोटे भाषण केल्याचा. याहून मोठा दोष असा की, खरे भाषण जेथे करावयाचे होते त्या सभेला तो कधी गेलाच नाही.