राजाची सही आणि कवीचा हात

मराठी नाटकाचा इतिहास सांगताना आपण सहसा 1843 साली सांगलीस झालेल्या विष्णुदास भाव्यांच्या ‘सीतास्वयंवरा’पासून आरंभ करतो. त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारी मराठी नाटके रचली जात होती, हे अभ्यासकांस ठाऊक आहे. पण त्यांची आठवण होते ती बहुधा ‘पहिले कोण’ या वादापुरतीच. ती नाटके वाङ्मय म्हणून कशी आहेत आणि खरोखर कोणाची आहेत, हे प्रश्न मागेच राहतात.

शहाजीराजांच्या (कारकीर्द 1684–1712) नावावरील ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ घ्या. कल्याण म्हणजे विवाह. म्हणजे शेवट नावातच सांगून टाकलेला. पुढे काय होणार, ही उत्कंठा येथे नाहीच. ते कसे घडते, यातच गोडी. ही नाटके तेलुगू यक्षगानाच्या वळणाची. आरंभी स्तवन, मग सूत्रधार, मग ‘दरु’ नावाच्या गीतांनी वर्दी देत होणारे पात्रप्रवेश; गद्य केवळ सांधणीपुरते. याच राजाच्या ‘पंचभाषाविलासा’त तर संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी व हिंदी अशा पाच भाषा एकत्र नांदतात. भाषा बदलते, साचा मात्र बदलत नाही.

आणि अडचण नेमकी हीच. जेथे साचा इतका बळकट, तेथे शैलीवरून संप्रदाय ओळखता येतो, व्यक्ती नव्हे. मग साक्ष उरते ती राजाच्या नावाची. वकिलीच्या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते: सही ही संमतीचा पुरावा असते, मसुदा कोणी लिहिला, याचा नव्हे. शहाजीराजांनी 1693 मध्ये तिरुविशनल्लूर हे गाव 46 पंडितांस अग्रहार म्हणून दिले. अशा विद्वत्सभेत राजाच्या लेखणीस इतरांचा हात लागला नसेल, असे मानणे भाबडेपणाचे होय. उलट, राजा म्हणजे केवळ नावाचा धनी, हे अनुमानही तितकेच उतावीळ. दुसऱ्या सरफोजीराजांच्या ‘देवेंद्रकुरवंजी’त भविष्य सांगणारी कुरवंजी चक्क जगाचा भूगोल सांगते. श्वार्ट्झ या पाद्र्याच्या देखरेखीखाली शिकलेल्या त्या राजाची आवड तेथे विषयातूनच बोलते.

जपानी नो नाटकांपुढेही हाच पेच होता. शतकानुशतके असंख्य नाटके झेआमी या थोर नट-नाटककाराच्या नावावर चालत आली. 1909 साली त्याचे नाट्यविषयक ग्रंथ छापले गेले, तेव्हा चित्र पालटले. त्याच्या मुलाने 1430 मध्ये टिपून ठेवलेल्या संभाषणांत कोणते नाटक कोणाचे, याची नोंद मिळते. ‘मात्सुकाझे’ हे गाजलेले नाटक एका जुन्या रचनेवरून झेआमीचा पिता कानआमी याने घडविले आणि पुढे झेआमीने त्यास नवे रूप दिले. या वाटणीने झेआमी लहान झाला नाही. त्याच्या नावावरची नाटके घटली, पण त्याचा स्वतःचा स्वर अधिक स्पष्ट ऐकू येऊ लागला.

आमच्या इंदूरचा राजवाडा सात मजली. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. 1801 मध्ये तो जाळला गेला, 1984 मध्ये पुन्हा जळाला, आणि दोन्ही वेळा नव्याने उभारला गेला. त्यास होळकरांचा म्हणण्यात काहीच गैर नाही. पण त्यावरून कोणी सारे घडणावळीचे श्रेय एकट्या होळकरांस देत नाही. नाटकांच्या बाबतीत आपण नेमके हेच करतो.

यास्तव तंजावरी नाटकांच्या संपादकांनी ‘कृत’ हा शब्द जपून वापरावा. जेथे आश्रय सिद्ध आहे तेथे आश्रय म्हणावे, जेथे कर्तृत्व सिद्ध आहे तेथे कर्तृत्व. उरलेले ‘नावावरील’ एवढेच. सरस्वती महालातील हस्तलिखिते या दृष्टीने ताडून पाहावीत. राजांची नावे पुसली जाण्याचे भय नाही. त्यांना शिलालेख आहेत, वंशावळी आहेत. परंतु तमिळ मुलखात राहून मराठीत गीते जुळविणारा एखादा पंडित असेल, तर त्याचे स्मारक त्या गीतांखेरीज दुसरे कोणतेही नाही.